आवाज गेलेली मालिका

आमच्या टीव्हीचा आवाज गेला तो फेब्रुवारीत, ओल्या काजूंच्या दिवसांत. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं, बायकांच्या साड्यांचे काठसुद्धा मोजून घ्यावेत इतकं. फक्त कुणाच्या तोंडून शब्द बाहेर येत नव्हता. मालवणच्या बाजारातला दुरुस्तीवाला आला, मागचं झाकण उघडून आत बघत बसला. खाऱ्या वाऱ्याने आतलं खाल्लंय, सामान मागवावं लागेल, असं म्हणाला, आणि चहा पिऊन गेला तो गेलाच.

लोकांना वाटेल, म्हातारीला काय एवढं. पण माझे दोन्ही गुडघे देवाने परत मागून घेतले आणि त्या बदल्यात मला संध्याकाळी सातची मालिका दिली, असा आमचा हिशेब आहे. मालिका मोबाइलवर दिसते म्हणतात. दिसत असेल. माझ्या डोळ्यांना त्यात माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि मुंग्यांच्या संसारात माझा जीव रमत नाही.

घरात आम्ही चौघं. मुलगा गोव्यात कामाला, तो रविवारपुरता येतो. सून ओरोसला सरकारी कचेरीत. सकाळी एसटीने जाते, परत येईपर्यंत तिला आठ वाजतात. म्हणजे संध्याकाळी मी आणि नात. नात सोळा वर्षांची, अकरावीत. शेजारच्या घरातली तिची मैत्रीण तिच्याच वर्गात आहे, ती काजूच्या दिवसांत आमच्याकडेच असते. ओला काजू चिरून आतला गर काढायचा म्हणजे चिकाशी खेळ. चीक लागला की कातडी भाजते. म्हणून आम्ही तिघी हाताला खोबरेल चोपडून, पुढ्यात काजूचा ढीग घेऊन टीव्हीसमोर बसायचो.

आवाज गेल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी असंच बसलो होतो. पडद्यावर नायक आपल्या बंगल्याच्या जिन्यात उभा राहून बायकोला काहीतरी फार मोठं सांगत होता. आणि मैत्रिणीने मान खाली घालून, चिरलेल्या काजूवरची नजर न हलवता, जाड पुरुषी आवाजात म्हटलं, "काय गो, सोलकढी केलंस काय?"

नातीने वर बघितलं. नायिकेचं तोंड नुकतंच उघडत होतं. नात म्हणाली, "नारळ तुझो बापूस सोलतलो?"

त्या दिवसापासून मालिकेतली ती मुंबईची चकचकीत माणसं आमच्या घरात मालवणीत भांडायला लागली. मैत्रीण नायक व्हायची, नात नायिका, आणि नायकाची आई माझ्याकडे आली. ती बाई झोपतानाही हिऱ्याचा हार घालते. तिच्या तोंडी मी पहिलं वाक्य घातलं ते असं, की माझ्या कोंबडीला कोणी हाकललं. पोरी हसून हसून आडव्या झाल्या. मला वाटलं, आवाज होता तेव्हा ही मालिका इतकी चांगली नव्हती.

पण मी नातीकडे बघत राहायचे, ते वेगळ्याच कारणाने. पडद्यावरचं तोंड किती वेळ हलणार हे आधी कळत नाही. तरी तिचं वाक्य नेमकं त्या तोंडाबरोबर सुरू व्हायचं आणि त्याच्याबरोबर मिटायचं. शब्द कुठून येतात हे तिला विचारलं तर म्हणाली, "येतत ते येतत, आजी." तिच्या आजोबांनीही मला हेच उत्तर दिलं होतं. ते तिच्या जन्माच्या आधीच गेले.

माझा नवरा भात लावायचा, आणि कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतारात राणीचं काम करायचा. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. आज कुठलं आख्यान करायचं एवढं ठरतं. मग बाकड्यावर राजा बसतो, मनाला येईल ते बोलतो, आणि राणीने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. थांबून चालत नाही. चारशे माणसं समोर बसलेली असतात. पहाटे हा माणूस घरी यायचा तेव्हा डोळ्यांत काजळ तसंच राहिलेलं असायचं, आणि तो हळू आवाजात विचारायचा, पेज आसा काय.

आणि मी? मी बावीस वर्षांची, गावातली सगळ्यात शहाणी. वाडीत पहिला टीव्ही आला तो दुकानवाल्यांकडे, काळापांढरा. अँटेना पणजीच्या दिशेने फिरवली की त्यावर माणसं दिसायची, नाही तर मुरमुरे. रविवारी पिक्चर. पिक्चरमधला नायक नायिकेचं मनगट पिरगाळायचा, कुठे होतीस म्हणून ओरडायचा, एक थोबाडीत द्यायचा, आणि मग तिला जवळ घेऊन स्वतःच रडायचा. मी पदर चावत बघायचे. हे म्हणजे प्रेम, असं मी तिथेच ठरवून टाकलं. घरी परत आले की काजळ घातलेला माझा नवरा चुलीपुढे बसून माझ्यासाठी नारळ खवत असायचा, आणि माझं नशीबच फुटकं असं मला वाटायचं.

त्याच्यात थोडा मत्सर पेटवावा म्हणून मी एकदा सांगितलं, की काकणवाल्याने माझा हात फार वेळ धरून ठेवला. त्याने काळजीने विचारलं, काकणां बसली मां नीट? मग मी विहिरीवर बायकांना सांगून टाकलं की आमचा माणूस दिसतो गरीब, पण राग आला की हात उचलतो. सांगताना माझी मान कशी ताठ होती म्हणून सांगू. जणू मला सोन्याचा हार केला होता. दुसऱ्या दिवशी वाडीतली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्या दारात हजर. बायकोला मारतोस म्हणून तिने त्याला आईबापापासून सुरुवात करून झोडपलं. तो अडाळीवर, म्हणजे आमच्या विळीवर, बसलेला, हातात नारळाची कवड. तिचं ऐकून घेतलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काकी, कशावरसून मारलंय ता तरी सांगा. माका पण ऐकाचा आसा."

एवढं झाल्यावर तरी रागवावं ना माणसाने. नाही. मला त्याचाही राग आला. असली मी होते.

तो मला कामाला लावायचा ते आणखी वेगळं. जत्रेला निघायच्या आधी विचारायचा, "राजान तुका रानात धाडल्यान, तर तू काय म्हणशीत?" मी म्हणायचे, रडतलंय. "किती येळ रडतलंस? पेटीवालो कंटाळतलो. कायतरी बोल." मला काही सुचायचं नाही. मग तोच विचार करत बसायचा, बाई काय बोलेल याचा, आणि मी टीव्हीवर पुरुष काय बोलेल याचा. आमच्या घरात बाई नेमकी कोण होती, हे आता सांगणं कठीण आहे.

असो. मी काजूवर येते.

नातीचा मोबाइल वाजायचा. हात तेलाने, चिकाने माखलेले, तरी ती घाईघाईने फडक्याला पुसायची आणि माझ्याजवळ सरकायची. आजी, फोटो. मला फोटोची हौस. मी पदर सारखा करून हसायचे. मग ती म्हणायची, आजी, तीन बोटं दाखव. कधी दोन, कधी चार. मी दाखवायचे. ही नवीन फॅशन असेल असं मला वाटलं. हल्ली पोरी फोटोत ओठ काढतात, भुवया चढवतात, तशी माझी बोटं. एकदा विचारलंच, हे जातं कुणाला? तर लाजून म्हणाली, एक जण आहे, बारावीतला. मी घरीच आहे ना, ते तो बघतो. जुना फोटो पाठवू नये म्हणून बोटं किती ते तोच सांगतो.

इथे कुणाला वाटेल की अडुसष्ट वर्षांच्या बाईने आता तरी कान टवकारले असतील. छे. मला वाटलं, किती काळजी आहे पोराला. पुढच्या वेळी मी दोन्ही हात वर केले.

मग ती संध्याकाळ आली. मालिकेत नायिका नवऱ्याला न सांगता माहेरी जाऊन आली होती. तो दारातच उभा होता. दोघांची थोडी बोलाचाली झाली, आमच्या पोरींनी ती आंब्याच्या मोहरावरून लावून दिली, आणि अचानक त्याने तिला थोबाडीत मारली.

आवाज असता तर नगारे वाजले असते. विजा कडाडल्या असत्या, तीच थप्पड तीन बाजूंनी दाखवली असती, सासूचे डोळे, दिराचे डोळे, आणि मी मधल्यामध्ये हळहळून म्हटलं असतं, हिने पण सांगून जायचं की नाही. आवाज नव्हता. एक पुरुषाचा हात होता आणि एका बाईची मान वळली होती. इतक्या वर्षांत मी शेकडो थपडा बघितल्या असतील. तो हात मला पहिल्यांदा दिसला.

नायिका रडत होती आणि रडताना काहीतरी बोलत होती. पाळी नातीची. ती काजू चिरत राहिली. मैत्रीण म्हणाली, "उलय गो, तोंड हलता तिचा." नात म्हणाली, ती सॉरी म्हणत असेल. मैत्रिणीने विचारलं, सॉरी कशाला? त्यावर नात जे बोलली ते मी पूर्वी कुठेतरी ऐकलेलं होतं. विहिरीवर, माझ्याच तोंडून.

"तेका तिची काळजी वाटता म्हणान तेणा मारल्यान. परक्याक कोण मारता?"

मैत्रिणीने हातातला काजू खाली ठेवला. "स्टँडार तुका मारल्यान, ती पण काळजीच?"

माझ्या हातातली सुरी जिथे होती तिथे राहिली. नात मैत्रिणीकडे अशी बघत होती की आता ही उठून जाते की काय. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. शुक्रवारी तिच्या फोनची बॅटरी संपली होती. फोटो गेला नाही. शनिवारी एसटी स्टँडवर त्याने तिला खांबाआड नेऊन कानाखाली मारली. मग स्वतःच रडला, स्वतःच्या गालावर मारून घेतलं, वडापाव घेऊन दिला. वर्गातल्या निम्म्या मुली म्हणाल्या की तुझं नशीब, आमचे तर विचारतही नाहीत. मुलं म्हणाली, मुलीला दाब नसला की ती दुसऱ्याकडे जाते. हे त्यांना कुणी शिकवलं? कुणी शिकवायला कशाला हवं. सातला टीव्ही लावायचा, मला शेजारी बसवायचं.

कोयता घेऊन निघावं असं मला वाटलं, पण गुडघे. आणि मी रागावून काही बोलले असते तर ती त्याची बाजू घेऊन उभी राहिली असती, हेही मला दिसत होतं. बावीस वर्षांच्या मला कुणी शहाणपण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं? मी काजू उचलला आणि मैत्रिणीला म्हटलं, पुढे चालू दे. तो काय म्हणतो ते म्हण.

मैत्रीण हुशार. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पोटातून तो जाड आवाज काढला. पण आता ती मालिकेतल्या नवऱ्याचं बोलत नव्हती. "खंय गेललंस? कोणाक विचारून गेललंस? फोटो कित्याक नाय धाडलंस?"

पडद्यावर मालिका थांबून साबणाची जाहिरात लागली होती. एक बाई पांढरा शर्ट नाकाला लावून हसत होती. नात त्या बाईकडे बघत होती. मला वाटलं, रडेल. मी असते तर रडले असते. ती बोलायला लागली, अगदी सावकाश.

"मी खंय जातंय ता तुका सांगी, कारण माका सांगूचा वाटा. तुका भियान नाय." मग म्हणाली, "तू मारलंस तेव्हा माज्या मनात पयला काय इला, म्हायत आसा? माझी बॅटरी कित्याक संपली. गालाचा नाय, माका बॅटरीचा वायट वाटला. ह्यां तू माज्या डोक्यात घातलंस. ह्यां माझा नाय."

"मगे माझा कसा होतला?" मैत्रीण सोडायला तयार नव्हती. तोही असंच म्हणणार, हे तिला ठाऊक असावं.

"ता तुज्या आयशीक विचार. मी सोळा वर्षांचा चेडू, माका माझा पेपर आसा सोमवारी."

कुणी हसलं नाही. शर्टवाली बाई गेली, दातांची पेस्ट आली. एवढ्या लहान अंगातून हे येतं कुठून? हे तिला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. अर्ध्या घटकेपूर्वी ही मुलगी त्याच माणसाची वकिली करत होती, आणि समोरून वाक्य आल्यावर तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आत हे तयार होतं. देवळात पालखी उठताना माझं जे होतं ते त्या वेळी झालं. हात जोडावेत असं वाटलं, पण हाताला चीक होता.

आठ वाजता सून आली. खांद्यावरची पर्स उतरवायच्या आतच नातीने तिला सांगितलं, मी सांगू की नको करत बसले होते तेवढ्यात. सून पायरीवरच बसली. मग उठून म्हणाली, नवऱ्याला फोन करते, त्या मुलाच्या घरी आत्ता जाते, सकाळी कॉलेजात प्राचार्यांना भेटते. कचेरीतल्यासारखं मराठी तिच्या तोंडी आलं, ते ती घाबरली की येतं. नातीने सगळ्याला हो म्हटलं. फक्त म्हणाली, त्याला आधी मी सांगणार. तुम्ही दोघी तिथे असा, पण मध्ये पडायचं नाही.

सकाळी आम्ही चौघी स्टँडवर. मैत्रीण नातीच्या बरोबर, मी आणि सून बाकावर. मी त्याला आयुष्यात बघितलेलं नव्हतं. मनात एक आडदांड उभा होता, डोळे लाल, मागून संगीत. आला तो एक कोवळा पोरगा, ओठावर नुकती लव, खांद्याला दप्तर, केस पाण्याने बसवलेले. याला बघून मला जास्तच भीती वाटली. असा पोरगा कुणाच्याही घरात असतो.

नात त्याला खांबाआड जाऊ देईना. उघड्यावर, गाड्या लागतात तिथे उभी राहून तिने त्याला सांगितलं. दूर होतो, सगळं ऐकू आलं नाही. आवाज चढवलेला नव्हता. आजपासून फोटो नाही, फोन नाही, असं काहीतरी. तो आधी हसला. मग इकडेतिकडे बघितलं. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि त्याने सगळ्यांसमोर फाडकन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आणखी एक. शेंगा विकणारी बाई वळून बघायला लागली.

आणि खरं सांगते, माझं काळीज विरघळलं. मी बाकावरून अर्धी उठले होते. किती केलं तरी लहान पोर, आता हिने एकदा म्हणावं, जाऊ दे.

नात जागची हलली नाही. ते वाक्य मात्र आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.

"ता थांबव. माका तुझो मार नको. तुझ्या गालावरचो पण नको."

त्याचा हात वर तसाच राहिला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी त्याने दप्तराचा पट्टा धरला आणि तो चालत स्टँडच्या मागच्या बाजूला गेला. धावला नाही, वळूनही बघितलं नाही. शेंगावाली परत शेंगा हलवू लागली.

नात आमच्याकडे आली. मैत्रिणीने तिला दंडाला धरून बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली. अर्धं पाणी तिने ओढणीवर सांडलं. मग आईला म्हणाली, तुझी गाडी लागली आहे, जा, उशीर होईल. मी प्राचार्यांकडे आजीला घेऊन पुढे होते, तू दुपारी ये.

सुनेने पर्स खांद्यावर घेतली. दोन पावलं गेली आणि परत आली. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, माका नसता जमला."

नात उठून उभी राहिली होती, कॉलेज किती लांब आहे आणि आजीच्या गुडघ्यांना रिक्षा लागेल का, हे मैत्रिणीशी ठरवत होती. मी तिच्याकडे तोंड वर करून बघत होते. ती काही एवढी उंच नाही.